आमच्याकडे चूल घालून गेलेल्या मावशींना

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मावशी. संगमेश्वर तालुक्यातल्या ज्या घरांत तुमच्या हातच्या चुली आहेत, त्यांना ओळख पटेलच. तोंडावर आभार मानायला गेले असते तर "पुरे गो बाय" म्हणत तुम्ही उठून गेला असतात. म्हणून हे चार लोकांदेखत लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल.

गॅस असताना चूल कशाला, असं पुण्यामुंबईची मंडळी आल्या आल्या विचारतात. 14.2 किलोचा सिलिंडर चहाला आणि रोजच्या आमटीला पुरतो हो, पण आंघोळीचं पाणी, लावणीच्या माणसांचा भात, गुरांचं आंबोण हे सगळं त्याच्यावर कोण शिजवणार? 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघर शेगड्या आल्या आणि चूल संपली असं सगळ्यांनी धरलं. ती संपली नाही, मागच्या पडवीत गेली. आणि एकदा पडवीत गेल्यावर तिच्याकडे कोण बघतो! तीन दगड, फुंकणी आणि पाणावलेले डोळे, हे असंच असायचं. सासूबाईंचा खोकलाही आम्ही वयावर ढकलला होता.

तुम्ही मे महिन्यात आलात आणि माती कालवायच्या आधी आमचं सरपण बघायला गेलात. मला तेव्हा जरा रागच आला होता, चूल घालायला बोलावलं तर ह्या लाकडं काय तपासतायत! तुम्ही ऐनाच्या दोन ढलप्या उचलून एकमेकींवर आपटल्यात, त्या खणखणीत वाजल्या. मग आंब्याच्या आपटल्यात तर नुसतं थप्प. "हे लाकूड नाय, पाणी हाय," म्हणालात. खरंच आहे ते. नुकत्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते पाणी उडवण्यातच आच खर्च होते आणि लाकूड धुमसत राहतं. धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूडच, म्हणजे डोळ्यांत जातं ते आपलंच सरपण. फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून पण बाजूंनी वारा लागेल असं रचून ठेवलेलं लाकूड वर्षभराने जळायच्या लायकीचं होतं. आता आमच्याकडे यंदाची आणि पुढल्या वर्षाची अशा दोन वेगळ्या राशी आहेत, आणि पुढल्या वर्षाच्या राशीला हात लावला तर सासरे ओरडतात.

धुराड्याचा पाईप तुम्ही जिथून काढलात त्यावरून आमच्या ह्यांनी घातलेला वाद मला आठवतो. त्यांना तो वाशाला टेकवून, तारेने बांधून न्यायचा होता, म्हणजे हलणार नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. दोन कौलं बाजूला करून पाईप मोकळ्या जागेतून वर काढलात, भोवती पत्र्याची चौकट बसवलीत, आणि वाशापर्यंत वीतभर जागा मोकळी सोडलीत. तापलेल्या पाइपाला चिकटून राहिलेलं लाकूड वर्षानुवर्षं आतून करपत जातं, आणि मग एरवी पेटलं नसतं इतक्या आचेला एक दिवस पेट घेतं. हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत, तुमच्या पाहण्यातलं जळकं घर सांगितलंत, तेव्हा कुठे हे गप्प झाले. पाईप आढ्याच्या वर हातभर गेला पाहिजे, नाहीतर वारा धूर उलटा आत ढकलतो, हेही तेव्हाच कळलं. तळाशी ठेवलेल्या भोकातून काजळी काढायची आठवण सासरे ठेवतात. सुंभाला नारळाच्या सोडणांचा बोळा बांधून तो पाइपातून वरखाली ओढायचा. ओल्या लाकडाची काजळी डांबरासारखी चिकटते आणि तीही पेटते, म्हणून पावसाळ्यात हे काम जास्त वेळा.

पेटवायचं तंत्र तर मी इतक्या जणींना दाखवलंय, की माझंच वाटायला लागलंय! आधी जाळीखालची राख ओढायची, कारण वारा तिथूनच वर येतो. मग वैलाच्या, म्हणजे चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडाच्या मागे, धुराड्याच्या तोंडाशी माडाच्या चुडताची पेटती चूड क्षणभर धरायची. थंड, दमट पाइपातली हवा जड असते, ती धूर वर जाऊ देत नाही. चुडीने ती तापली की ओढ सुरू होते. मगच चुलीत करवंटीचे तुकडे, काटक्या, आणि त्यांनी पेट घेतल्यावर दोनच फोडी. तोंड गच्च भरायचं नाही. वैलावर भांडं नसेल तर झाकण हवं, नाहीतर सगळा धूर तिथूनच घरात. फुंकणी आता खुंटीला लटकलेली असते.

पेटवायला रॉकेल नाही आणि दुधाच्या पिशव्या तर नाहीच नाही. काजूची टरफलं आम्ही फुकट मिळतात म्हणून आणायचो, ती तुम्ही पोत्यासकट बाहेर ठेवायला लावलीत, कारण त्यांतल्या तेलाचा धूर घशाला आणि कातडीला लागतो. कण्हेरीची छाटही चुलीत नाही. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, नायलॉनचा गाऊन चुलीपाशी नको, पाण्याची कळशी हाताशी. राख लोखंडी घमेल्यात आणि घमेलं अंगणात, कारण राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो.

पण मावशी, मला खरे आभार मानायचेत ते श्रावणातल्या त्या दुपारचे. नणंद बाळंत होऊन आली होती. रीतीप्रमाणे खोलीत शेक-शेगडी, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, दाराच्या फटीतही फडकी कोंबलेली. तुम्ही बाळाला बघायला आलात, कुंची हातात दिलीत आणि कोणाला न विचारता खिडकी उघडलीत. सासूबाई नाराज झाल्या. तुम्ही म्हणालात, "धूर दिसतो म्हणून माणूस पळतो तरी. निखाऱ्याचं काय दिसत नाय."

मी नंतर वाचलं. तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि बाळंतिणीला गुंगी आली तर थकवा म्हणून कोण लक्ष देतो? धगधगते लाल निखारे पाहून आपल्याला वाटतं, धूर गेला, आता भीती नाही. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून द्यायचा आणि शेगडी रात्री खोलीत ठेवायचीच नाही, हा नियम आता सासूबाईच वाडीतल्या बाळंतिणींच्या घरी जाऊन सांगतात. तुमचं नाव न घेता, हे सांगायला हवं!

1980 च्या दशकात सरकारनेही निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला होता. आमच्याही वाडीत तेव्हा काही चुली आल्या होत्या म्हणे. पाईप तुंबले, माती फुटली, आणि परत बघायला कोणी आलं नाही. तुम्ही पहिल्या पावसानंतर न बोलावता आलात, भेगा लिंपल्यात आणि पाईप बडवून बघितलात. मजुरी ठरली त्याच्यावर एक रुपया घेतला नाहीत, आमसुलं तेवढी नेलीत.

वरच्या वाडीतल्या दोघींना आता तुमच्या हातची चूल हवी आहे. भातकापणी उरकली की या. वारुळाची माती चाळून पोत्यात भरून ठेवली आहे, तूस गिरणीतून आणून ठेवू, शेण आहेच. पाईप मात्र आम्ही आणणार नाही, तो तुम्हीच देवरूखला बरोबर येऊन निवडा.

तुमची,
खालच्या वाडीतली सून