संकेतस्थळ उघडले, मजकुराचे काय?

संपादक महोदय,

स्वतःचे संकेतस्थळ कसे उघडावे यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. डोमेन (संकेतस्थळाचे नाव), होस्टिंग (ते ठेवण्याची भाड्याची जागा), पानांचे तयार साचे ही माहिती चोख आहे. पण साचा लावायला एक दुपार पुरते. त्यात घालायचा मजकूर महिनोन्महिने पुरा होत नाही आणि बहुतेक हौशी संकेतस्थळे तिथेच बसकण मारतात. त्याविषयी थोडे.

कळसूबाईवर पान करायचे ठरले, की 'महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, उंची १,६४६ मीटर' अशी सुरुवात होते आणि पुढे विकिपीडियातले चार परिच्छेद शब्द फिरवून येतात. एवढ्यासाठी वाचक कशाला येईल? बारी गावातून किती वाजता निघाले तर ऊन तापण्याआधी माथा गाठता येतो, पावसाळी रविवारी लोखंडी शिड्यांशी किती खोळंबा होतो, मे महिन्यात पाणी कुठे मिळते, हे जाऊन आलेल्यालाच सांगता येते. तेच आधी लिहावे. उंची वगैरे एका ओळीत उरकावी.

पाककृतींचेही तसेच. 'उकडीसाठी अंदाजाने पाणी घ्यावे' हे वाक्य ज्याला मोदक येतात त्याच्याच कामाचे. एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी, तांदूळ जुना असल्यास थोडे जास्त. पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप. वाफवायला दहा-बारा मिनिटे, असे आकडे द्यावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय बिघडते ते लिहावे. उकड गार झाल्यावर मळली किंवा उघडी राहून सुकली, की पाकळ्यांना चिरा पडतात. सारणातला गूळ पातळ राहिला, की मोदक बुडाशी फुटतो. वाचकाला समोर बसून विचारता येत नाही. तो जिथे अडेल तिथले उत्तर पानात आधीच असले, तर ते पान चांगले. आता यंत्राकडून लेख लिहून घेण्याचीही सोय झाली आहे. त्यातली वाक्ये गुळगुळीत असतात, पण नेमका हाच भाग त्यात पोकळ असतो. तरीही वापरायचेच असेल, तर प्रत्येक सनावळी आणि आकडा स्वतः ताडून घ्यावा.

जुने लेख चढवणाऱ्यांची अडचण निराळी. डीटीपीसाठी, म्हणजे संगणकावरच्या छपाई-जुळणीसाठी, श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटांत टंकलेला मजकूर तसाच चिकटवला, की वाचकाला अगम्य चिन्हे दिसतात. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना कळणाऱ्या सामायिक अक्षरसंकेतात, बदलावाच लागतो. बदलणारी साधने मोफत मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकलेला असतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. त्यामुळे 'मार्मिक', 'कार्तिक' यांसारखे शब्द, जिथे वेलांटी आणि रफार एकत्र येतात, हमखास मोडतात. असे शब्द शोधून तपासावेत. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला, तर डोंगरातल्या वाटेच्या वर्णनात समुद्र येतो आणि कोणताही स्पेलचेकर तो पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. 'ऱ' हे अक्षर वेगळे निवडूनच टंकावे.

सर्वांत वाईट खोड म्हणजे मजकुराचे चित्र करून टाकणे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शुभेच्छापत्रांनी ही सवय लावली असावी. रंगीत पार्श्वभूमीवर कविता लिहिलेली ती फाइल शोधयंत्राला नीट वाचता येत नाही, दृष्टिहीनांचे वाचकयंत्र त्यावर मुके होते आणि चाळिशी लागलेल्याला अक्षर मोठे केले तर ते फुटते. कविता अक्षरांतच द्यावी. अक्षर मोबाइलवर १८ पिक्सेलच्या आसपास आणि दोन ओळींतील अंतर अक्षराच्या सुमारे १.७ पट असावे. वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीसाठी बेतलेले अंतर मराठीला अपुरे पडते. दोन्ही कडा सरळ करण्याचा सोस नको. मराठी शब्द लांब, मोबाइलचा पडदा अरुंद. मध्ये खिंडारे पडतात. अक्षरांमधले अंतरही वाढवू नये, शिरोरेखा तुटते.

फोटो मोबाइलमधून थेट चढवला, तर एकेक तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १,२०० ते १,६०० पिक्सेल आणि वजन २०० केबीच्या आत आणावे. फोटोखाली 'निसर्गरम्य दृश्य' असे लिहिण्यापेक्षा ठिकाण, महिना आणि साल लिहावे. घराजवळचा फोटो असेल, तर त्यात दडलेली स्थळाची नोंद आधी पुसावी.

गावांची नावे बदलली आहेत, याचेही भान हवे. उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. वाचक अजून दोन्ही नावांनी शोधतात, म्हणून पानात एकदा दोन्ही यावीत. गाडीभाडे, एसटीची वेळ, प्रवेशशुल्क अशा शिळ्या होणाऱ्या माहितीशेजारी ती कधी तपासली तो दिनांक द्यावा. दिनांक नसलेले वेळापत्रक वेळापत्रक नसण्याहून वाईट. त्याच्या भरवशावर माणूस थांब्यावर उभा राहतो.

पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत आणि आटोपशीर ठेवलेला बरा. देवनागरी पत्ता दुसरीकडे चिकटवताना पुष्कळदा टक्क्याच्या चिन्हांची माळ होतो. प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हे होतात. काना आणि वेलांटीही वेगळी धरली जातात, म्हणजे 'मराठी' एवढ्या एका शब्दाची पाच चिन्हे आणि त्यांची पंचेचाळीस. एकदा दिलेला पत्ता पुन्हा बदलू नये, नाहीतर इतरांनी दिलेले दुवे तुटतात.

दुसऱ्याची कविता 'साभार' म्हणून छापली, की काम झाले असा समज सर्वत्र आहे. साभार म्हणजे परवानगी नव्हे. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. १९६४ मध्ये निधन झालेल्या लेखकाचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०२५ पासून मोकळे झाले. १९७० मध्ये गेलेल्याचे अजून नाही. तिथे वारसांना किंवा प्रकाशकाला विचारावे लागते. छायाचित्राची ६० वर्षे पूर्वी प्रसिद्धीपासून मोजत. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर तीही छायाचित्रकाराच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून मोजतात. 'लेखक अज्ञात' हे तर बहुतेकदा शोधायचा कंटाळा केल्याचे दुसरे नाव.

शेवटी साठवणीचे. मोफत सेवा कधी गुंडाळली जाईल, सांगता येत नाही. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केली आणि लाखो लोकांची पाने तिथून गेली. म्हणून लेख थेट साच्यात टंकू नये. आधी साध्या फाइलीत लिहावा, दोन दिवसांनी कागदावर छापून वाचावा, दुरुस्त्या त्या फाइलीतच कराव्यात आणि मग चढवावा. फोटोंच्या मूळ प्रती त्याच फोल्डरमध्ये, लेखाच्याच नावाने ठेवाव्यात आणि त्या फोल्डरची एक नक्कल संगणकाबाहेरच्या हार्ड डिस्कवर असावी.

आपला,
एक मुद्रितशोधक, नाशिक