क्रुसाखालचं गाव

गुआतापे, कोलंबिया,
मंगळवार, रात्र

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

मेडेयीनच्या बस टर्मिनलवर आम्हाला बसवून तू ऑफिसला पळालीस, त्याला दोन दिवस झाले. काल होडीत मी एकदम गप्प का झालो, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा "ऊन लागलं असेल" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. फोनवर जमलं नसतं, म्हणून हिशेबाच्या वहीतली पानं फाडून लिहितोय. उद्या हातात देईन. मी समोर असताना वाचू नकोस.

आधी गाव. तू सांगितलं होतंस त्याहून ते जास्तच रंगीत आहे. इथं प्रत्येक घराच्या भिंतीला खाली कमरेइतका सिमेंटचा नक्षीपट्टा असतो. सोकालो म्हणतात त्याला. शंभरएक वर्षांपूर्वी होसे मारिया पार्रा नावाच्या गावकऱ्याने सुरुवात केली, मग बघून बघून सगळ्यांनीच केलं. पावसाच्या शिंतोड्यांनी भिंतीचा पाया खराब होऊ नये हा साधा उपयोग, त्यावर हौस चढली. काय विकतात ते दुकानाच्या पट्ट्यावरच दिसतं. कुठे खेचरं हाकणारा गडी, कुठे सूर्यफूल, कुठे कोकरू. एका दारात एक आजीबाई पाटावर बसून कोकराच्या कानाला पांढरा रंग देत होत्या. ओघळ आला की अंगठ्याने पुसायच्या आणि अंगठा झग्याला. तुझी आई म्हणाली, पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात तशीच बसलीय बघा. तिथं आम्ही अर्धा तास उभे होतो. त्यांनी एकदाही हाकललं नाही.

रिक्षा मात्र आपलीच! बजाजची, फक्त अंगभर फुलं रंगवलेली. वाळूजहून आलीय का काय कोण जाणे. मी समोरच्या नावावर बोट ठेवून "इंडिया, इंडिया" केलं, तर चालकाने हॉर्न वाजवून दाखवला. पैसे पूर्ण घेतले.

तो मोठा खडक पाहिला. पोत्याला दाभणाने टाके घालावेत तशा त्याच्या भेगेत पायऱ्या घातल्यात. 1954 साली लुईस व्हियेगास आणि त्याचे दोन सोबती त्याच भेगेत लाकडं ठोकत पाच दिवसांत वर गेले होते. आता पायऱ्यांवर आकडे लिहिलेत. माझा गुडघा चारशेला बोलायला लागला, आई मात्र न थांबता वर. खडकावर पांढरी अगडबंब दोन अक्षरं दिसतात, जी आणि आय. गुआतापेवाले आपल्या गावाचं नाव रंगवायला निघाले होते, तेवढ्यात शेजारच्या एल पेन्योलवाल्यांना कळलं आणि ते धावून आले, खडक आमचा म्हणून. रंगारी थांबला तो यू अर्धा सोडून, तोच आता आय दिसतो. बांधाचं भांडण जगात कुठेही सारखंच. मला फार बरं वाटलं.

वरून सगळे फोटो काढत होते. निळं पाणी, हिरवी बेटं. मी बघितलं आणि ओळखलं, ही बेटं नव्हेत, टेकड्यांची डोकी आहेत. पाण्याच्या कडेने लाल मातीचा उघडा पट्टा होता. एक गवताची काडी नाही त्यावर. भरणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्याचीच अशी कड असते. उजनीच्या काठाला वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

मग होडी. ड्रगमाफिया एस्कोबारचा 1993 साली बॉम्बने उडवलेला बंगला दाखवला, सगळी होडी त्या बाजूला कलली. त्यानंतर पाण्यातून वर आलेला एक मोठा क्रूस आला, तेव्हा नावाड्याने गाणी बंद केली. खाली जुनं एल पेन्योल. विजेसाठी धरण झालं आणि 1978 साली गाव पाण्यात गेलं. क्रूस जुन्या चर्चच्या जागेची खूण. शेजारच्या मुलीने हे फोनवर भाषांतर करून मला वाचायला दिलं.

सोनू, मी दहा-अकरा वर्षांचा असताना आपलं गाव उठलं. तुला फक्त "धरणात गेलं" एवढंच माहीत आहे, कारण मी तेवढंच सांगितलं. आजोबांनी घराची दारं, चौकटी, तुळया काढून बैलगाडीत घातल्या. उंबरा दगडी होता, तो निघेना. निघताना आजीने त्या उंबऱ्याला हळदकुंकू लावलं. मागे घर नव्हतं, नुसत्या चार भिंती आणि आभाळ. मी हसलो. आजोबांनी मला थोबाडीत मारली, आयुष्यात एकदाच. पुढे भरपाईसाठी त्यांनी जे हेलपाटे घातले ते लिहीत बसत नाही. खालच्या अंगाला कालव्यावर ऊस उभा राहिला, आपली काळी रानं तळाशी राहिली. इथंही तेच झालंय. जमिनी गुआतापेच्याही बुडाल्या, पण गाव काठावर राहिलं आणि त्याच्या दारात होड्या आल्या. शेजाऱ्याचा नुसता क्रूस.

नव्या एल पेन्योलमध्ये खडकाच्याच आकाराचं चर्च बांधलंय, डोळ्याला खटकतं. जुन्या चौकाची हुबेहूब प्रतिकृतीही केलीय. आईला आवडली. मी बाहेर कॉफी पीत बसलो. इतकं नीट रंगवलेलं जुनं गाव मला बघवेना. आपल्याकडे असं काही नाही ते एका परीने बरंच झालं असं वाटलं. आता लिहिताना तेवढी खात्री राहिली नाही.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, तुला ठाऊक आहेच. त्याच दिवसांत आपल्या गावाच्याही भिंती कधीकधी वर येतात. मी एकदा एकटाच जाऊन आलो, आईलाही बोललो नाही. उंबरा सापडला नाही, गाळ फार होता. तुला मे महिन्यात आठ दिवस सुट्टी मिळते का बघ. चिलापी पकडणाऱ्यांची होडी मिळेल, पण पाणी किती उतरेल ते आधी सांगता येत नाही.

उद्या दुपारच्या बसने निघतो. कुकरला वरणभात लाव. आरेपा म्हणजे मीठ विसरलेली मक्याची भाकरी, असं आईचं म्हणणं आहे.

तुझा,
बाबा