पिल्लूच्या जुलाबांबद्दल, मनूला

प्रिय मनू,

काल फोनवर तू इतकी घाबरलेली होतीस की माझं निम्मं बोलणं तुझ्या कानात शिरलंच नाही, म्हणून लिहून पाठवतेय, जावईबापूंनाही वाचायला दे.

आधी एक लक्षात घे, जुलाब थांबवायच्या मागे लागायचं नाही. ते बहुतेक वेळा आठवड्याभरात आपले आपण थांबतात, पण तोपर्यंत अंगातलं पाणी आणि मीठ जातं ना, लेकराच्या जिवावर बेततं ते त्याने. म्हणून मेडिकलवाल्याला विचारून जुलाब बंद करायची गोळी नको, मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक तर अजिबात नको. ओआरएस आण, म्हणजे पाण्यात विरघळवून पाजायची मीठ-साखरेची पूड, आणि पाकिटावर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलंय का ते बघूनच घे, टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या जास्तीच्या साखरेने जुलाब उलट वाढतात. मोठं पाकीट अख्खं १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, छोटं असेल तर २०० मिलीत, अंदाजाने चिमूटभर पेल्यात टाकायचं नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून दे. पिल्लू दीड वर्षाची आहे म्हणजे दर पातळ शीनंतर साधारण पाव ते अर्धा कप, आणि चमच्यानेच पाज, घटाघट प्यायली की ओकणार. ओकली तर १० मिनिटं थांब आणि परत सुरू कर, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, कंटाळू नकोस गं, रात्रभर बसावं लागलं तरी बस.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला होता, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रम भरभरून ठेवलं आणि पेशंटच्या घरच्यांनाच पाजायला लावलं. तिथे १०० पैकी ३० जण दगावत होते ते ४ च्या खाली आले. घरच्यांच्या हातांनी झालं ते, म्हणून तुला सांगतेय.

झिंक डॉक्टरांनी दिलंय ते जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्यायचं. पोट रिकामं ठेवा असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस, मऊ खिचडी, दहीभात, केळं, जे खाईल ते थोडं थोडं दे, आणि अंगावर पाजतेस ते चालू ठेव. तापाचं औषध वजनावर असतं, ५ मिलीत १२५ मिलीग्रॅमवालं आणि २५० वालं अशी दोन्ही सिरप मिळतात, तेव्हा बाटली बदलली तर डोस डॉक्टरांना परत विचार.

आता हे नीट वाच. पोटाची कातडी चिमटीत धरून सोड, लगेच सपाट झाली तर ठीक, घडी तशीच राहून हळूहळू गेली तर पाणी कमी झालंय. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा-आठ तास शू नाही, शीत रक्त दिसलं, सगळंच ओकतेय, किंवा हाक मारली तरी मलूल पडून राहतेय, यातलं एकही दिसलं तर मला फोन करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ, रात्रीचे २ वाजले असले तरी. रिक्षात पण चमचा चालू ठेव.

पॅकेट संपलं आणि दुकान बंद असेल तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, मीठ त्याहून जास्त नाही.

डायपर भरलेलं दिसलं की मेसेज टाक, मी जागीच आहे.

तुझी आई