वह्या फेकू नकोस

कोल्हापूर,
१४ ऑगस्ट

प्रिय सुधीर,

परवा तू फोनवर बोलत होतास तेव्हा मागे चिन्मयचं रडणं ऐकू येत होतं, म्हणून मी फार बोललो नाही. ‘तिसरीत गेला तरी घर आणि धर यात गोंधळतो, क्रिकेटचे स्कोअर मात्र तोंडपाठ. नाटकं करतो रे!’ असं तू म्हणालास. आमच्या सईबद्दल मीही अगदी हेच म्हणायचो, तिला अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अडतं, हे कळेपर्यंत. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

चुकलेला शब्द पन्नास वेळा लिही, ही माझी शिक्षा. एकदा ‘सूर्य’ दिला. पहिल्या तीन-चार ओळी तिनं पुस्तकात बघून नीट लिहिल्या. मग रफार सरकला आणि ‘र्सूय’ झालं. पुढे पानभर तिनं तेच ‘र्सूय’ इमानेइतबारे उतरवून काढलं. मी वही फाडली. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

पुढे अशा मुलांना शिकवणाऱ्या एका विशेष शिक्षिकेनं मला समोर बसवून तोच शब्द लिहायला लावला. म्हणाल्या, ‘कानाला आधी र् ऐकू येतो आणि मग य. हाताला मात्र आधी य काढायचा आणि मग त्याच्या डोक्यावर र. ‘कि’चं उलटं, ऐकू आधी क येतो आणि वेलांटी काढायची क-च्या आधी.’ नुसता र बघ ना! अर्क, चक्र, ट्रक, दऱ्या, प्रत्येक ठिकाणी त्याचं रूप वेगळं. ‘मराठी बोलतो तशीच लिहितात’ असं आपण छातीठोकपणे सांगतो. आपल्याला हे कधी जाणवलंच नाही, कारण आपलं आपोआप जमून गेलं. ज्या मुलाच्या डोक्यात आवाज आणि अक्षर यांची गाठ पटकन बसत नाही, त्याला प्रत्येक शब्दाला ही गाठ नव्यानं मारावी लागते. त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही.

आकड्यांचंही तेच. पंचवीस म्हटलं की सईला आधी पाच ऐकू यायचे, की ती ५२ लिहून मोकळी. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ आणलं तेव्हा आपण दोघांनी किती टिंगल केली होती, आठवतं? सई तेव्हा तिसरीत होती. नंतर मला त्या हसण्याची लाज वाटली.

बाईंनी घरात आणखी कोणाला असं होतं का, हेही विचारलं, कारण हे बऱ्याचदा घराण्यात असतं. तेव्हा मला आमचे अण्णा आठवले. अख्ख्या गल्लीची उधारी तोंडपाठ, पण खातेवही लिहायचे काका. सकाळी पेपर हातात घेऊन ‘चष्मा सापडत नाही, वाच जरा’ म्हणायचे. चष्मा सदऱ्याच्या खिशातच असायचा.

इंग्रजी माध्यमात टाकण्याचं मनातून काढून टाक. तिथल्या स्पेलिंगला तर काही धरबंधच नाही, आणि घरात इंग्रजी बोलायला आहे कोण? आधी डोळे आणि कान तपासून घे. मग मोठ्या सरकारी रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी होते का ते विचार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरली आहे. प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं झाल्यावरच मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासतात. पुढे दहावीला जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक त्यावरच मिळतो. ‘दिव्यांग’ शब्दानं वहिनी बिचकतील. आमच्याकडे त्यावरून आठवडाभर अबोला होता, आणि अडून बसलेला मीच होतो. सईच्या तेव्हाच्या शाळेतही ‘एकीला सवलत दिली की सगळे मागतील’ असं ऐकवलं होतं. ऐकून घे आणि अर्ज लेखीच दे.

पण कागदपत्रांचं काम सावकाश होईल. आजपासून एक कर. वाचायला शिकणं वेगळं आणि विषय शिकणं वेगळं ठेव. परिसर अभ्यासाचा धडा तू मोठ्यानं वाच, उत्तरं त्याला तोंडी देऊ दे. त्याचे कान चांगले आहेत, स्कोअर पाठ आहेत म्हणतोस ना! अक्षरांना रोज पंधराच मिनिटं, तीही नेमानं. सई ताटात रवा पसरून बोटानं अक्षर काढायची आणि काढताना आवाज मोठ्यानं म्हणायची. जुनी धूळपाटी, दुसरं काय! स्कूटरवर जाताना आम्ही खेळायचो, ‘कमळ’मधला क पळाला, काय उरलं? पहिले कित्येक दिवस तिला ते ‘मळ’ सापडायचं नाही. मला वाटायचं, एवढं सोपं कसं येत नाही! जीभ चावून गप्प बसायचो.

सई आता नववीत आहे. अजून सावकाशच वाचते आणि चार माणसांत मोठ्यानं वाचायचं म्हटलं की टाळते. ते पूर्ण जाईल असं मला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मीही तुला सांगत नाही. पण शाळेत निघताना पोटात दुखणं मात्र थांबलं.

आणि हो, चिन्मयच्या पहिलीपासूनच्या वह्या रद्दीत घालू नकोस, रागाच्या भरात फाडूही नकोस. तपासणीच्या वेळी त्या बघायला मागतात. सईच्या मागितल्या तेव्हा आमच्याकडे दोनच शिल्लक होत्या.

तुझा,
विनय