मंत्रिमहोदय, डिस्पॅचरच्या परीक्षेचा अर्ज मी कुठल्या खिडकीवर द्यायचा?

प्रति,
मा. केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्री,
राजीव गांधी भवन, नवी दिल्ली

विषय : फ्लाइट डिस्पॅचर होण्यासाठी उमेदवाराला स्वतः अर्ज करता यावा, याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी मुंबई विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, सामान चढवायचं-उतरवायचं काम करतो. नेमणुकीच्या पत्रावर आमचं पद ‘रॅम्प एजंट’ असतं, लोक लोडर म्हणतात. साडेतीन वर्षं झाली. गेल्या सोमवारी आमच्या ग्रुपवर विमानकंपनीची अंतर्गत जाहिरात आली : ट्रेनी फ्लाइट डिस्पॅचर, चार जागा. मी त्याच दिवशी अर्ज भरला. गुरुवारी एचआरच्या मॅडमनी बोलावून तो परत दिला. म्हणाल्या, ही जाहिरात कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, तुम्ही आमचे कर्मचारी नाही. तुम्ही ठेकेदाराच्या रोलवर आहात.

माझ्या अंगावर तेव्हा त्यांच्याच कंपनीच्या नावाचं जॅकेट होतं.

ही नोकरी मी का धरली ते सांगतो. इंडक्शनच्या दिवशी आम्ही बत्तीस पोरं होतो. शिकवायला आलेले साहेब म्हणाले, दोन वर्षं रॅम्पवर घाम गाळा, विमान आतून-बाहेरून कळेल, मग आतून जागा निघाल्या की डिस्पॅचला पहिली संधी तुमची. माझी बारावी सायन्स, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही. घरी येऊन आईला सांगितलं, दोनच वर्षांचा प्रश्न आहे. अंधेरीच्या एका क्लासला डिस्पॅचरचा कोर्स केला, फी मामाने भरली. मामाची मासेमारीची बोट आहे. त्या सीझनला त्याने इंजिनाचं काम पुढे ढकललं आणि पैसे मला दिले. कोर्स संपल्यावर कळलं की नुसत्या प्रमाणपत्राला किंमत नाही. विमानकंपनीने आपलं नाव पुढे पाठवल्याशिवाय डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता मिळत नाही, आणि मिळते तीही त्या कंपनीपुरती, त्या विमानाच्या प्रकारापुरती.

डिस्पॅचर काय करतो हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. उड्डाणाआधी मार्ग कुठला घ्यायचा, वाटेत हवा कशी आहे, इंधन किती, मुंबईला उतरता आलं नाही तर अहमदाबादला जायचं की नागपूरला, कुठला रनवे आज बंद आहे, विमानातली कुठली वस्तू बिघडलेली असतानाही उडायची परवानगी आहे, हे सगळं तपासून तो वैमानिकाच्या हातात कागद देतो. विमान उतरेपर्यंत त्याचं लक्ष असतं. मला हे काम हवंय. गणवेशासाठी नाही, एसीत बसायला मिळतं म्हणूनही नाही. मला ते जमतं म्हणून.

जमतं हे मला कधी कळलं, तेही सांगतो. जुलै महिना, रात्रीचा दीड, धो धो पाऊस. ए-320 विमानाच्या होल्डची, म्हणजे पोटातल्या सामानाच्या कप्प्याची, उंची जेमतेम सव्वा मीटर. आत उभं राहता येत नाही, गुडघ्यांवर रांगत बॅगा लावायच्या. 32 किलोची बॅग गुडघ्यांवर बसून उचलून बघा एकदा. तर त्या रात्री लोडिंगच्या कागदाप्रमाणे पुढच्या होल्डमध्ये जायच्या चाळीस बॅगा मागच्या चार नंबरच्या कप्प्यात चढल्या होत्या. आलेलं विमान परत सोडायची घाई, सुपरवायझर दार लावा म्हणून ओरडतोय. मी दार लावू दिलं नाही. वजन मागे सरकलं की विमानाचा तोल बदलतो आणि वैमानिकाच्या हातातली लोडशीट, म्हणजे वजनाच्या मांडणीचा कागद, खोटी ठरते, हे मी क्लासमध्ये शिकलो होतो. बॅगा हलवल्या, विमान सात मिनिटं उशिरा गेलं. सुपरवायझरने उशिराचा मेमो माझ्याच नावावर लावला. पण दुसऱ्या दिवशी एक डिस्पॅचर सर मला शोधत कँटीनमध्ये आले आणि विचारलं, तुला ट्रिम, विमानाचा तोल, कळतं का रे? त्यानंतर वर्षभर त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत मेटार (विमानतळावरच्या हवेचा अहवाल) आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचायला शिकवलं. त्यांची बदली झाली. माझा मेमो अजून फायलीत आहे.

महोदय, अमेरिकेत 23 वर्षं पूर्ण झालेला कुणीही माणूस किमान 200 तासांचा मान्यताप्राप्त कोर्स आणि सरकारी परीक्षा पास करून स्वतःच्या नावावर डिस्पॅचरचं सर्टिफिकेट घेतो आणि मग कुठल्याही कंपनीचं दार ठोठावतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत डिस्पॅचरच्या परवान्यासाठी किमान वय 21 आणि अनुभवी डिस्पॅचरच्या हाताखाली 90 दिवसांचं काम लिहिलं आहे. आपल्याकडे वैमानिक व्हायचं असेल, तर पोरगा स्वतःचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा नोंदणी क्रमांक, काढून डीजीसीएच्या परीक्षेला बसतो. मेंटेनन्स इंजिनियरचंही तसंच. मग आम्हालाच कंपनीच्या दारात का उभं केलंय? 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. रेडिओ ऑपरेटरच्या परवान्याचं काम दूरसंचार खात्याकडून तुमच्या खात्याकडे आलं. म्हणजे मनात असलं की खिडकी हलवता येते.

आणि कंपनीने नाव पाठवायचं म्हटलं, तर ती पाठवणार कुणाचं? स्वतःच्या माणसाचं. आणि आम्हाला तर स्वतःचं मानायचंच नाही, अशी व्यवस्था आधीच करून ठेवली आहे. जॅकेट कंपनीचं, पगार ठेकेदाराचा, पास विमानतळाचा. नोकरी गेली की पहिल्यांदा पास काढून घेतात, मग आपण कोण होतो हे सांगायलाही काही उरत नाही. जुलै 2024 मध्ये कलिन्याला ग्राउंड हँडलिंगच्या भरतीला काय गर्दी उसळली होती, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. दोन हजारांच्या आसपास जागा आणि हजारो पोरं, त्यात पदवीधरही. एवढी पोरं बाहेर उभी असताना आतल्याला वर घ्यायची कुणाला गरज पडते?

डिसेंबर 2025 मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या विमानकंपनीची एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली, तेव्हा बॅगांचे डोंगर देशभरातल्या आमच्यासारख्यांनी उपसले आणि लोकांच्या शिव्या काउंटरवरच्या पोरींनी खाल्ल्या. त्या गोंधळाच्या निमित्ताने वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांवर संसदेपर्यंत चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. लागोपाठ दोन शिफ्ट केलेल्या लोडरच्या विश्रांतीबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

आता मनातलं बोलतो. आम्ही पनवेलचे. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांतल्या एका गावचे. 1160 हेक्टरचा विमानतळ. उलव्याची टेकडी कापली, उलवे नदी वळवली. जिथे आज रनवे आहे, त्या बाजूला आमचं भात पिकायचं. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, जमिनींसाठीच्या त्या आंदोलनात माझे आजोबा शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे चालले होते. पुढे विमानतळासाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित जमिनीचं पॅकेज आलं आणि सभांमधून भूमिपुत्रांना नोकऱ्यांचा शब्द मिळाला. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला विमानं सुटली. बाबा तेव्हा करंजाड्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर उभे होते. मला म्हणाले, यातलं एक विमान तरी तू सोडशील ना? मी हो म्हणालो. आमच्या वाट्याला फक्त बॅगा उचलणंच येणार असेल, तर त्यांना मी काय सांगू?

2014 मध्ये देशात 74 विमानतळ होते, आता दीडशेच्या वर गेले, असं तुमचं सरकार सांगतं. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसला पाहिजे, असंही सांगतं. पण त्याच माणसाचा मुलगा ते विमान सोडण्याच्या टेबलावर कधी बसणार, याचं उत्तर कुणी देत नाही. ठेकेदाराकडे विचारलं की तो कंपनीकडे बोट दाखवतो. कंपनी नियमाकडे बोट दाखवते आणि नियम तुमच्या खात्याचा आहे.

माझं मागणं एवढंच आहे की डिस्पॅचरची परीक्षा उमेदवाराला स्वतःच्या नावावर देता यावी. पास झालो तर ते 90 दिवस कंपनीने मला शिकाऊ म्हणून द्यावेत, पगार नाही दिला तरी चालेल. रॅम्पवर काढलेली वर्षं अनुभवात धरावीत. आणि ठेकेदाराच्या रोलवरच्या पोरांना अंतर्गत जागांसाठी अर्ज करता यावा, हे कंपन्यांना लेखी सांगावं. नापास झालो तर मी परत होल्डमध्ये गुडघ्यांवर बसेन, कुणाकडे तक्रार करणार नाही.

बारावीची गुणपत्रिका, क्लासचं प्रमाणपत्र, साडेतीन वर्षांच्या पगाराच्या पावत्या आणि तो सात मिनिटांचा मेमो मी एका फायलीत लावून ठेवला आहे. कुठल्या खिडकीवर आणायची, ते कळवावं.

आपला,
एक रॅम्प कर्मचारी
करंजाडे, पनवेल