चोरीरोधक यंत्राच्या सदोष जोडणीमुळे जुन्या फियाटला आग लागण्याची वेळ आल्याबाबत तक्रार

दिनांक : ३ जून २०२४
धरमपेठ, नागपूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या नागपूर येथील केंद्राकडून मी १६ एप्रिल रोजी माझ्या १९६९ सालच्या फियाट ११०० डिलाइट मोटारीत जीपीएस ट्रॅकर, इंजिन बंद पाडणारा रिले आणि एक किलोचा अग्निशामक सिलिंडर असा सुरक्षा संच १४,५०० रुपये भरून बसवून घेतला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २८ मे रोजी, ऐन नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) रात्री साडेदहाच्या सुमारास गॅरेजमधून प्लास्टिक जळल्याचा वास येऊ लागला म्हणून माझ्या सुनेने मला हाक मारली. बोनेट उघडून पाहतो तो आपल्या तंत्रज्ञाने टाकलेल्या तांबड्या वायरीचे आवरण वितळून तिच्यातून धूर निघत होता. त्या दिवशी गाडी बाहेर काढलेली नव्हती, चावी घरात होती आणि बॅटरीचा वीजपुरवठा तोडणारा कट-ऑफ स्विचही बंद होता. मी घाईघाईने पाना लावून बॅटरीचा टर्मिनल सोडवला, म्हणून अनर्थ टळला. गॅरेजच्या वरच्याच खोलीत माझी दोन नातवंडे झोपलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी सदरमधील एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करून घेतली. त्यांचा लेखी अभिप्राय आणि छायाचित्रे या पत्रासोबत पाठवीत आहे. आगीच्या भीतीपोटी मी आठ वर्षांपूर्वीच बॅटरीच्या धन टोकावर कट-ऑफ स्विच बसवून घेतला होता आणि गाडी उभी करताना तो बंद करण्याचा नेम घरातले सर्वजण पाळतात. आपल्या तंत्रज्ञाने ट्रॅकरची वायर या स्विचच्या पलीकडे घेण्याऐवजी थेट बॅटरीच्या टोकाला जोडली. ट्रॅकरला रात्रंदिवस वीज लागते, त्यामुळे ती तेथून घेणे चूक आहे असे मी म्हणत नाही. परंतु मग बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत दोन-तीन अँपिअरचा फ्यूज घालणे अनिवार्य होते. तो घातलेलाच नाही. शिवाय ही वायर बोनेटमागील पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट (वायर पत्र्यावर घासू नये म्हणून भोकात बसवायचे कडे) न लावता आत ओढलेली आहे. गाडीच्या कंपनांनी तिचे आवरण पत्र्याच्या धारेवर घासत राहिले, उन्हाळ्यात ते मऊ पडले आणि शेवटी उघडी पडलेली तार बॉडीला टेकली. दहा रुपयांचा फ्यूज असता तर तो उडाला असता आणि मला दुसऱ्या दिवशी फक्त ट्रॅकर बंद पडलेला दिसला असता. फ्यूज नसल्यामुळे बॅटरीची सगळी ताकद त्या बारीक वायरीतून वाहू लागली, आणि हे ज्या गाडीत घडले तिच्या कार्बोरेटरपाशी (इंजिनासाठी पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागापाशी) पेट्रोलची वाफ नेहमीच थोडीफार रेंगाळते. मी स्विच बंद करून निश्चिंत झोपत होतो आणि गाडीत मात्र एक जिवंत तार उरलेली होती, याची कल्पना मला आपल्यापैकी कोणीही दिली नाही.

रिलेची कथाही अशीच आहे. तो विजेवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाच्या वायरीत बसवावा, असे आपल्याच माहितीपुस्तिकेत छापलेले आहे. माझ्या गाडीचा पंप विजेवर चालत नाही. तो इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप आहे. हे समजल्यावर तंत्रज्ञाने काम थांबवून विचारणा करायला हवी होती. त्याऐवजी त्याने इग्निशन कॉइलची (इंजिनच्या ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाची) वायर कापली, टोके नुसती पिळून रिलेला जोडली आणि वर टेप गुंडाळला. परिणामी ५ मे रोजी वर्धा रोडवर, मागे ट्रक असताना, चालती गाडी अचानक बंद पडली. तो दोष डायनमोचा असावा असे समजून मी नाहक खर्च केला.

अग्निशामक सिलिंडर डिकीत, कुलपाआड बसवलेला आहे, जेथून तो आगीच्या वेळी चालकाच्या हाती लागणे शक्य नाही. या चोरीरोधक यंत्राला पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असल्याने विम्याच्या हप्त्यात सवलत मिळेल, असे विक्रीच्या वेळी सांगण्यात आले होते. ही सवलत फार तर ५०० रुपयांची असते, तेव्हा प्रश्न रकमेचा नाही. दोनदा मागूनही मान्यतेचे प्रमाणपत्र मला दाखवण्यात आलेले नाही.

मी ३० मे रोजी दूरध्वनी केला असता आपल्या प्रतिनिधींनी “गाडी जुनी आहे, वायरिंग जुनी असणारच” असे उत्तर दिले. माझ्या गाडीचे संपूर्ण वायरिंग २०१९ मध्ये नवे केलेले आहे आणि त्याचे बिल माझ्याकडे आहे. जळालेली वायर जुनी नाही, ती आपली आहे. ही गाडी माझ्या वडिलांनी नवी घेतली, तिच्यातून मी शाळेत गेलो आणि दर दसऱ्याला तिची पूजा होते. हिच्यात इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) नाही, माहीतगार माणूस बॅटरीवरून कॉइलला एक वायर देऊन ती पळवू शकतो, म्हणूनच मी आपल्याकडे आलो होतो.

आपण संचाचे १४,५०० रुपये परत करावेत, वायरिंग पूर्ववत करण्याचा ६,२०० रुपयांचा खर्च द्यावा आणि सर्व जोडणी माझ्या इलेक्ट्रिशियनच्या देखरेखीखाली काढून न्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण आजवर ज्या ज्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हा संच बसवला, त्या मालकांना तातडीने कळवून फ्यूज आणि ग्रोमेट तपासून द्यावेत. या मागणीवर मी तडजोड करणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सध्या बॅटरी काढून मी घरात ठेवली आहे, त्यामुळे ट्रॅकर बंद आहे आणि रात्री दोनदा उठून गॅरेजचे कुलूप मीच पाहून येतो.

आपला ग्राहक,
(सही)