‘अँटी-डी आधी दिलंय का?’ असं विचारणाऱ्या ताईंस

रक्तपेढीतल्या रात्रपाळीच्या तंत्रज्ञ ताईंना,

स. न. वि. वि.

आरएच निगेटिव्ह बाईचं बाळंतपण सुखरूप पार पडलं की पेढे डॉक्टरांना मिळतात, उरलेले आम्हाला. तळमजल्यावर रक्तपेढीपर्यंत डबा कधी पोहोचत नाही. म्हणून हे पत्र.

पहाटे वॉर्डातला फोन वाजतो आणि तुम्ही विचारता, “सिस्टर, या पेशंटला अँटी-डी आधी दिलंय का? कोणत्या तारखेला?” नव्याने रुजू झालेल्या मुलींना ही नसती चौकशी वाटते. ती तशी का नाही, हे एकदा लिहून ठेवायलाच हवं.

आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असलं की प्रसूतीच्या वेळी बाळाच्या तांबड्या पेशी आईच्या रक्तात जातात आणि तिचं शरीर डी प्रतिजनाविरुद्ध (पॉझिटिव्ह पेशींवर असणारी, निगेटिव्ह पेशींवर नसणारी खूण) प्रतिपिंडं बनवायला शिकतं. पहिलं मूल बहुधा सुटतं, फटका पुढच्याला बसतो: ही प्रतिपिंडं त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. हे टाळायला सातव्या महिन्यात, २८ आठवड्यांना ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी देतात. गोम अशी, की हे इंजेक्शन म्हणजेच बाहेरून दिलेली प्रतिपिंडं. ती काही आठवडे आईच्या रक्तात राहतात. त्या काळात आयसीटी (आईच्या रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी टेस्ट) केली तर हलकी पॉझिटिव्ह येते. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की कुणीतरी ठरवून टाकतं, हिच्यात प्रतिपिंडं तयार झालीच आहेत, आता इंजेक्शनचा उपयोग काय? बाळ पॉझिटिव्ह निघतं, प्रसूतीनंतर डोस द्यायचे ७२ तास उलटतात आणि जिला डोस मिळायलाच हवा होता तीच राहून जाते.

आपल्याकडे हा घोटाळा व्हायला खास वाव आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या गावात इंजेक्शन झालं, डोहाळजेवण झालं, बाई माहेरी आली आणि माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटात राहिलं. ‘सातव्यात एक सुई दिली होती’ एवढंच तिला आठवतं. ती सुई धनुर्वाताचीही असू शकते. अशा वेळी तुम्ही टायटर लावता, म्हणजे प्रतिपिंडं किती आहेत ते मोजता. इंजेक्शनचं असेल तर ते सहसा ४ च्या वर जात नाही आणि पुढे उतरत जातं. शरीरानं स्वतः बनवलेलं चढत जातं, आणि गरोदरपणात ते १६ किंवा ३२ ला पोहोचलं की बाळाच्या मेंदूतल्या धमनीचा डॉप्लर करून रक्तक्षय तपासावा लागतो. पण एकट्या टायटरवर तुम्ही विसंबत नाही, तारीख विचारता. तारीख मिळालीच नाही आणि शंका उरली, तर डोस द्यावा हेही तुम्हीच आठवण करून देता.

आता आयसीटीच्या त्या नळीबद्दल. बाईच्या सीरमचे दोन थेंब, त्यात ओ पॉझिटिव्ह पेशींच्या ५ टक्के द्रावणाचा एक थेंब, ३७ अंशांना अर्धा ते एक तास. प्रतिपिंडं असतील तर पेशींना चिकटतात, पण आयजीजी (ही प्रतिपिंडं ज्या प्रकारची असतात तो) आखूड असतं. दोन पेशींमधलं अंतर त्याला ओलांडता येत नाही, म्हणून डोळ्यांना गुठळी दिसत नाही. त्यासाठी पेशी सलाइननं तीनदा धुवायच्या आणि मग अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिनचे दोन थेंब टाकायचे. ते दोन्हीकडचे हात धरून पूल बांधतं. सगळी मेख धुण्यात आहे. शेवटच्या धुण्याचं सलाइन नळी उपडी करून, कड टिपकागदावर टेकवून पूर्ण काढावं लागतं. सीरमचा किंचित अंश उरला तरी त्यातलं मोकळं ग्लोब्युलिन तुमचं रसायन गिळून टाकतं, पेशींच्या वाट्याला काही उरत नाही आणि निकाल येतो निगेटिव्ह, साफ खोटा.

म्हणून प्रत्येक निगेटिव्ह नळीत तुम्ही आयजीजी चढवलेल्या कंट्रोल पेशींचा थेंब टाकता. तिथं गुठळी झालीच पाहिजे. नाही झाली तर सगळं पहिल्यापासून. रात्री तीन वाजता, कुणीही बघत नसताना, फक्त निगेटिव्ह लिहून मोकळं होता आलं असतं. नळीऐवजी वापरायची तयार जेल कार्ड आल्यापासून धुण्याची कटकट गेली, पण कार्ड संपली की पुन्हा नळीच. (ही टेस्ट १९४५ साली केंब्रिजमध्ये मूरांट आणि रेस यांच्यासोबत मांडणारे रॉबिन कूम्ब्स मूळचे गुराढोरांचे डॉक्टर, हे आम्हाला फार आवडतं.)

बाळाच्या गटातही तुमची नजर उपयोगी पडते. कधी बाळ पहिल्याच दिवशी पिवळं पडतं, डीसीटी (बाळाच्या पेशींना आधीच चिकटलेली प्रतिपिंडं दाखवणारी टेस्ट) जोरदार पॉझिटिव्ह येते आणि गट मात्र निगेटिव्ह दिसतो. आईच्या प्रतिपिंडांनी बाळाच्या पेशींवरच्या डीच्या सगळ्या जागा आधीच अडवलेल्या असतात, तुमच्या रसायनाला बसायला जागाच नसते. तुम्ही त्या निगेटिव्हवर विश्वास ठेवत नाही. ४५ अंशांच्या हलक्या उष्णतेनं पेशींवरची प्रतिपिंडं उतरवता आणि गट पुन्हा बघता.

डोसाचंही तसंच. ३०० मायक्रोग्रॅम साधारण ३० मिली बाळाच्या रक्ताला पुरतं. वार आधीच सुटली, हात घालून काढावी लागली, पोटावर मार बसला, तर याहून जास्त रक्त आईत गेलेलं असू शकतं. तेव्हा तुम्ही आम्लाची स्लाइड लावता: आईच्या पेशी हिमोग्लोबिन गमावून सावलीसारख्या फिकट होतात, बाळाच्या गडद गुलाबी राहतात, आणि तुम्ही त्या एकेक मोजत बसता. एक कुपी पुरेल की दोन लागतील, ते त्या मोजणीवर ठरतं.

ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन यांचं नाव जगाला ठाऊक आहे. अँटी-डीसाठी लागणारा प्लाझ्मा त्यांनी २०१८ पर्यंत ११७३ वेळा रक्तदान करून पुरवला आणि ते २०२५ मध्ये गेले. त्यांना नमस्कार आहेच. पण ज्या बाईला कुपी द्यायची ती नेमकी कोण, हे तुमच्या नळीतून कळतं, आणि तिथे कुणाचं नाव लागत नाही.

आमच्याकडून आता एवढं: २८ आठवड्यांचं रक्त आम्ही सुई टोचायच्या आधीच काढू, आणि प्रत्येक फॉर्मवर अँटी-डीची तारीख व मात्रा लिहू. विचारूनही कळली नाही तर ‘कळली नाही’ असं लिहू, जागा कोरी सोडणार नाही.

आपल्या ऋणी,
प्रसूती कक्षातल्या परिचारिका

ता. क. नाळ पिळून नमुना पाठवल्याबद्दल तुम्ही बोललात ते बरोबरच होतं. पिळल्यावर नाळेतला चिकट गर रक्तात उतरतो आणि नसलेली गुठळी दिसते. आता नाळ पुसून, शिरेत सुई घालून सिरिंजनं काढतो. आणि बाळाच्या बाटलीवर आईचं नाव लिहिताना पुढे ‘बाळ’ लिहायला विसरत नाही.